बोलका मजला

माझं सगळं आयुष्य वाचनालयात गेलं. तिथे मी सर्वांत जास्त वापरलेलं हत्यार म्हणजे ओठांवर ठेवलेलं बोट. कुणी कुजबुजलं, कुणाची खुर्ची करकरली, की मी चष्म्यावरून बघायचो आणि बोट उचलायचो. बोलायची वेळ सहसा यायची नाही आणि ते बरंच होतं, कारण चारचौघांत बोलणं मला कधी जमलं नाही. निवृत्तीच्या समारंभात मी आभाराचे शब्द लिहून नेले होते, तेही शेवटी दुसऱ्या कुणीतरी वाचून दाखवले.

त्यामुळे बारकीने एके सकाळी कामातला सल्ला विचारला, तेव्हा मी आधी मागे वळून पाहिलं. तिथे दुसरं कुणी उभं असेल असं वाटलं.

बारकी म्हणजे माझी भाची. शिकायला म्हणून आमच्याकडे आली ती राहिलीच. पाळण्यात होती तेव्हा पडलेलं हे नाव. आता ती माझ्यापेक्षा वीतभर उंच आहे. ऑफिसांची आतली रचना करणं हा तिचा व्यवसाय. कुठे भिंत घालायची, कुठे टेबल, कुठून उजेड घ्यायचा, हे ती ठरवते. आधी ती एका मोठ्या फर्ममध्ये होती. तिथल्या वरिष्ठांशी तिचं पटेना, म्हणून राजीनामा देऊन तिने आमच्या मागच्या खोलीत स्वतःचं काम थाटलं. निघताना ते वरिष्ठ म्हणाले होते, "परत येशीलच. तेव्हा बसायला खुर्ची असेल की स्टूल, ते मात्र सांगता येत नाही." हे वाक्य तिने हसत सांगितलं होतं, पण पुन्हा पुन्हा सांगितलं होतं.

तिचं पहिलं स्वतंत्र काम एका विमा कंपनीचं होतं. कुणाच्या घरात पाणी शिरतं, कुणाचं दुकान जळतं, मग ते भरपाई मागतात. ती मागणी खरी की खोटी हे तपासणारी माणसं त्या कंपनीच्या एका अख्ख्या मजल्यावर बसत. म्हणजे पूर्वी बसत. आता त्यांनी निम्मा आठवडा घरून काम करावं आणि निम्मा आठवडा ऑफिसात यावं असा नियम होता. नियम होता, माणसं नव्हती. जी यायची ती हजेरी लावून, कॉफी पिऊन दुपारपर्यंत पसार व्हायची.

कंपनीच्या प्रमुखांना सगळे मोठ्या बाई म्हणत. त्यांनी बारकीला सरळच सांगितलं होतं, "धरून आणलेली माणसं मला नकोत. त्यांना आपण होऊन यावंसं वाटलं पाहिजे. मजला तसा करून दाखव. जागेचा करार संपायच्या आत मी स्वतः येऊन बघेन. भरलेला दिसला तर बाकीचे सगळे मजले तुझेच. रिकामा दिसला तर किल्ल्या मालकाला परत, आणि सगळ्यांनी घरीच बसायचं."

दुसऱ्या गोष्टीची वाट बघणारा एक माणूस त्या बैठकीत होता. हिशेब खात्याचा प्रमुख. रिकामी खुर्ची दिसली की याला स्वतःचा दात पडल्यासारखं वाटायचं. हातात कायम किल्ल्यांचा जुडगा. बारकीने घरी आल्या आल्या त्यांचं बारसं करून टाकलं: कुलूपकाका.

"मामा," तिने जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला, "तुझ्या वाचनालयात माणसं तासन्‌तास का बसायची रे? घरी पुस्तक नेता येत होतं की."

"शांततेसाठी," मी म्हणालो. लगेच शंका आली, म्हणून जोडलं, "बहुतेक."

"बहुतेक नको. नक्की सांग."

मग मी नक्की सांगितलं. म्हणजे चक्क बोलत सुटलो. प्रत्येकाला आपापला कोपरा लागतो, आपापला दिवा लागतो, शेजाऱ्याचं नाक वाजलेलं ऐकू येता कामा नये. आमच्याकडे हिरव्या काचेचे टेबलदिवे होते. ते मोडीत निघाले तेव्हा एक मी घरी आणला होता. तो उचलून तिच्या नकाशावर ठेवला. बारकीची पेन्सिल भराभर चालत होती. माझं म्हणणं कुणीतरी लिहून घेतंय हे मला नवीनच होतं, आणि आता कबूल करायला हरकत नाही, छातीत जरा फुगल्यासारखं झालं होतं.

ही स्वयंपाकघरातून ताटं घेऊन आली. आमच्या हिला खोलीत शिरताना आवाज आधी पाठवायची सवय आहे. "उचला तो पसारा! काय चाललंय मामा-भाचीचं?"

"ऑफिस," बारकी म्हणाली. "एकदम शांत. जाड गालिचे, कापडी भिंती, प्रत्येकाला एक कप्पा. टाचणी पडली तरी ऐकू येणार नाही."

हिने नकाशाकडे बघितलं. "ऑफिस काढताय की शोकसभा?"

"मामी, तुला नाही कळायचं."

"नाही बाई. मला आपलं जेवण गार झालेलं तेवढं कळतं."

*

मजला झाला तेव्हा बारकी मला बघायला घेऊन गेली. मी दारातच थांबलो. करड्या कापडाचे उंच कप्पे, प्रत्येकात एक खुर्ची, एक टेबल आणि माझ्या दिव्याबरहुकूम केलेला एक हिरवा दिवा. पाय टाकला तर बुटाचा आवाज गालिचाने गिळून टाकला. मला वाटलं, मी मेल्यावर मला इथेच ठेवावं.

पहिल्या आठवड्यात माणसं आली, फोटो काढले, वाहवा केली. दुसऱ्या आठवड्यात कमी आली. मग दिवे लागायचे आणि खाली कुणीच नसायचं. शेवटी बारकीने एका जुन्या तपासनीस बाईंना गाठलं. या बाई दोन्ही खांद्यांना पिशव्या लटकवून यायच्या, म्हणून सगळे त्यांना पिशवीबाई म्हणत आणि त्यांचीही हरकत नसे. त्या दिवशी त्या पिशव्या खाली न ठेवताच परत निघाल्या होत्या.

"बसत का नाही तुम्ही? काही चुकलंय का?" बारकीने विचारलं.

"छे गं, सुंदर आहे. पण मुलं शाळेत गेली की एवढी शांतता माझ्या घरीही असते. तीच बघायला बस बदलत इथवर कशाला येऊ?"

ही गोष्ट बारकीने मला घरी येऊन सांगितली तेव्हा तिचा आवाज अगदी सरळ होता. रागावली असती, रडली असती तर मला सोपं गेलं असतं.

"म्हणजे माझ्यामुळे झालं," मी म्हणालो. "मी तोंड उघडायलाच नको होतं. मला ऑफिसातलं काय कळतंय?"

"तू उत्तर बरोबर दिलंस मामा. मी प्रश्न चुकीचा विचारला. वाचायला माणसं का येतात ते विचारलं. ही माणसं वाचायला येतच नाहीत."

"मग कशाला येतात?"

"तेच तर माहीत नाही," ती म्हणाली आणि मागच्या खोलीत जाऊन तिने दार लावून घेतलं.

कुलूपकाकांना वास लागलाच होता. त्यांचा फोन आला तेव्हा मी जवळच होतो. ते अगदी मायेने बोलत होते. "बाळ, वाईट वाटून घेऊ नकोस. आम्हीच मालकांना कळवून टाकतो. मोठ्या बाईंना उगीच खेप कशाला?"

"बाई यायच्या आहेत ना अजून?" बारकी म्हणाली. "मग माझं काम अजून संपलेलं नाही."

फोन ठेवल्यावर ती पाणी प्यायली. मग तिने नकाशा पुन्हा पसरला.

*

दुसऱ्या दिवशी मी तिच्याबरोबर ऑफिसात गेलो. निमित्त माझ्या दिव्याचं. नमुना म्हणून नेलेला मूळ दिवा तिथेच राहिला होता. खरं तर तिला एकटीला पाठवायला मन घेत नव्हतं, पण तसं म्हणायला जीभ रेटली नाही.

मजला निपचित पडला होता. एकाही कप्प्यात माणूस नाही. आणि तरी कुठूनतरी हसण्याचा आवाज येत होता. आम्ही त्या आवाजाच्या मागे गेलो. गालिचा संपला, सामानाच्या लिफ्टकडे जाणारा बोळ लागला. जुनं ऑफिस मोडलं तेव्हाची लांबलचक टेबलं तिथे भंगारवाल्याची वाट बघत एकावर एक रचून ठेवली होती. वरची दोन कुणीतरी खाली उतरवली होती आणि त्यांच्याभोवती सातआठ माणसं बसली होती. काही खोक्यांवर, एक जण उलट्या बादलीवर. लॅपटॉप मांडीवर. मधोमध पिशवीबाई, आणि त्यांच्या दोन्ही पिशव्या टेबलावर.

"ए, हे बघ जरा," बादलीवरचा म्हणाला आणि त्याने लॅपटॉप शेजाऱ्याकडे वळवला. "म्हणतोय, वादळाने गाडीवर झाड पडलं. आणि फोटोत झाडाला पान नाही."

"थंडीतला असेल."

"मग मागच्या बाईने छत्री कशाला धरलीय? उन्हाची?"

"काळा चष्मा पण आहे तिच्या डोळ्यांवर!" तिसरा ओरडला, आणि सगळे हसले. मग सगळे एकदम गंभीर झाले आणि एकाच वेळी बोलायला लागले.

आम्हाला बघून पिशवीबाई चपापल्या. "अगं, इथे जरा बरं पडतं. आत बोललं की पाप केल्यासारखं वाटतं."

"तुम्ही रोज इथे बसता?" बारकीने विचारलं.

"अडलं की येतो. पूर्वी नुसती खुर्ची वळवायची आणि म्हणायचं, हे बघ जरा. घरी कुणाला म्हणू? मांजराला? आणि एवढ्याशासाठी फोन करायचा तर समोरच्याला वाटतं, काय आभाळ कोसळलं."

तेवढ्यात मला टेबलावर एक फोन दिसला. तो डिंकाच्या डब्याला टेकवून उभा केला होता आणि त्यात एक बाई होत्या. त्या हात हलवत होत्या. काहीतरी बोलतही होत्या, पण त्या गलक्यात त्यांचा आवाज म्हणजे डासाची गुणगुण. कुणाचंच लक्ष नव्हतं. शेवटी त्यांनी हात खाली घेतला आणि समोरच्या कागदात डोकं घातलं.

"या कोण?" मी हळूच विचारलं.

"आमच्या ताई," बादलीवरचा म्हणाला. "आई अंथरुणाला खिळलीय, म्हणून त्या कायमच्या घरून करतात. आमच्यात सगळ्यांत हुशार. पण हल्ली बोलत नाहीत फारशा."

बारकीने माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं.

दिवा घ्यायचं आम्ही विसरूनच गेलो.

*

त्यानंतर सुताराला पुन्हा बोलावणं गेलं. कालपरवा उभे केलेले कप्पे काढायचे हे ऐकून तो खूश झाला. "तुमच्यासारखी माणसं पाहिजेत बाई. आधी बांधा, मग तोडा, मग परत बांधा. माझ्या पोरीचं शिक्षण होऊन जाईल."

"टोमणे नंतर मारा," बारकी म्हणाली. "कापड फाडू नका. ते सगळं छताला लावायचंय."

"छताला? छतावर कोण बसणार?"

"आवाज," ती म्हणाली.

मलाही ते कळायला वेळ लागला. तिचं म्हणणं असं होतं की शांतता प्रत्येकाच्या घरी आहे, ती इथे पुन्हा विकत घ्यायची गरज नाही. इथे बोलणं पाहिजे. पण एका टेबलावरचं बोलणं दुसऱ्या टेबलाच्या बोलण्यात मिसळून नुसता कोलाहल होता कामा नये. म्हणून भिंतींचं कापड छतावर गेलं. बोळातली लांब टेबलं, ओरखड्यांसकट, मजल्याच्या मधोमध आली. कुणाचीच जागा ठरलेली नाही. प्रत्येकाला चाकांची एक पेटी, ती ओढत न्यायची आणि ज्याच्याशी काम असेल त्याच्या शेजारी बसायचं. चार कप्पे तिने मागच्या कोपऱ्यात तसेच ठेवले. "मामासाठी," म्हणाली. "आणि मामासारख्यांसाठी."

राहिल्या ताई. प्रत्येक टेबलाच्या एका बाजूची एक खुर्ची काढून तिथे बारकीने पडदा बसवला, बसलेल्या माणसाच्या चेहऱ्याच्या उंचीवर आणि चेहऱ्याएवढाच. घरी असलेला माणूस तिथे दिसणार, इतरांच्या खांद्याला खांदा लावून. सुताराच्या पोरीला त्यांच्या घरी बसवून आम्ही एक टेबल आजमावून बघितलं. चेहरा उत्तम दिसत होता. पण आम्ही बोलायला लागलो की बिचारीचं तोंड नुसतं हलायचं.

"ऐकू येतंय तिचं," सुतार म्हणाला. "आपण ऐकत नाही एवढंच."

"तेच तर," बारकी म्हणाली. "चेहरा आहे, पण कोपर नाही. शेजारचा बोलू देईना तर आपण त्याला कोपराने ढोसतो. तिने काय करायचं?"

त्या प्रश्नावर गाडी अडली. बाईंची खेप जवळ येत चालली होती आणि कुलूपकाका येता जाता विचारत होते, "मग, किती दिवस राहिले म्हणायचे?"

त्या संध्याकाळी मी माझ्या खुर्चीत वाचत होतो. बारकी समोर बसून पेन्सिल चावत होती. एकाएकी माझ्या डोक्यावरचा दिवा गेला आणि आला. पुन्हा गेला, आला.

"काय गं?" मी मान वर करून विचारलं.

"जेवायला चला," ही दारात उभी होती, हात बटणावर. "घसा कोरडा पडला हाका मारून."

आमच्याकडे हे लग्नापासून असंच आहे. पुस्तकात शिरलो की मला हाक ऐकू येत नाही, आणि हिला ओरडायचा कंटाळा येतो. म्हणून ही दारातूनच माझा दिवा मिचकावते. बारकीने हे लहानपणापासून बघितलेलं. पण त्या दिवशी ती ताडकन उठली, आणि हिच्या गळ्यातच पडली.

"अगं सोड, पडेन मी! काय झालं हिला?"

"मामी, तू ना... तू ऑफिसं काढ!"

"आधी जेवून घे," ही म्हणाली. "मग काढते."

*

बाई यायच्या दिवशी बारकीने मला ओढत नेलं. मी कोपऱ्यातल्या एका कप्प्यात पुस्तक घेऊन बसलो, पण वाचेन तर शपथ. मजला भरला होता. ही नवी व्यवस्था सुरू झाल्यापासून माणसं वाढतच गेली होती. पण आज बघायला येणार म्हणून कुणी गर्दी गोळा केली, असं कुलूपकाका म्हणतील याची मला धास्ती. पेट्यांची चाकं घरंगळत होती, लोक या टेबलावरून त्या टेबलावर जात होते, आणि छताखाली अशी एक भरीव गुणगुण होती, की माझं बोट आपोआप ओठांकडे निघालं. मी ते खिशात घातलं.

प्रत्येक टेबलावर, पडद्याच्या शेजारी, एक हिरवा दिवा होता. त्याचं बटण टेबलावर नव्हतं. ते घरी बसलेल्या माणसाच्या हातात होतं. बोलायचं असलं की तिकडून दिवा लावायचा. दिवा लागला की टेबलाने गप्प व्हायचं. एवढा एकच नियम.

मोठ्या बाई आल्या. त्यांच्यामागे जुडगा वाजवत कुलूपकाका. बाई बारकीबरोबर लांबच्या टोकाला गेल्या. काका मात्र माझ्याजवळच्या टेबलापाशी थबकले. तिथे एक गुंता चालला होता.

"खेळण्यांचं दुकान आहे," बादलीवरचा सांगत होता. (आता त्याला खुर्ची मिळाली होती, पण माझ्या डोक्यात तो बादलीवरचाच.) "म्हणतो, पाणी आलं आणि माल भिजला. प्लंबर म्हणतो, दुकानातला एकही पाइप फुटलेला नाही, छतही कोरडं."

"मग पाणी आलं कुठून? खेळण्यांनी आणलं?" शेजारी म्हणाला.

"सरळ नाकारा," कुलूपकाका मध्ये घुसले. टेबलावर दोन्ही हात टेकून ते वाकले. "पाइप नाही, गळती नाही, म्हणजे खोटं आहे. याला एवढी माणसं एकत्र यावी लागतात? हे तर घरी बसूनही कळलं असतं."

ते हे शेवटचं वाक्य जरा मोठ्यानेच म्हणाले, लांबच्या टोकाला ऐकू जाईल असं. बाईंनी मान वळवली. बारकीचा चेहरा मला तिथूनही दिसला.

टेबलावरची माणसं बावचळली. साहेबाला उलट कोण बोलणार? बादलीवरच्याने नाकारण्यासाठी लॅपटॉपच्या बटणाकडे बोट नेलं.

आणि तेव्हा मी बघितलं. काकांच्या रुंद पाठीमागे, कोटाच्या कडेला, हिरवा उजेड पडला होता. दिवा लागला होता. ताईंनी लावला होता. विझला, पुन्हा लागला. ताईंचा चेहरा, दिवा, सगळंच काकांनी झाकून टाकलं होतं. टेबलावरचं कुणीही ते बघूच शकत नव्हतं. फक्त मी बघत होतो.

मी हात वर केला. कुणी बघितलं नाही. खाकरलो. ते खाकरणं छतावरच्या कापडाने गिळलं. उठून त्यांच्या खांद्याला हात लावावा म्हटलं, तर तेवढी सवड नव्हती. तिकडे बोट बटणापर्यंत पोचलं होतं. कुणा दुकानदाराचं नुकसान, ताईंचं गप्प बसणं, आमच्या पोरीचं स्टूल, सगळं त्या एका बोटाखाली आलं होतं.

"दिवा!"

कुणीतरी ओरडलं. तो आवाज माझा होता हे मला उशिरा कळलं.

"अहो, दिवा लागलाय! बाजूला व्हा! त्यांना बोलू द्या!"

अख्खा मजला चिडीचूप झाला. एवढी शांतता मी वाचनालयातही कधी मिळवली नव्हती. कुलूपकाका चटका बसल्यासारखे बाजूला सरकले, आणि त्यांच्या जागी ताईंचा चेहरा दिसला, टेबलाशी बसलेला, बाकीच्यांच्या बरोबरीने.

"नाकारू नका," ताई म्हणाल्या. "तिसरा फोटो काढा. भिंतीवरचे डाग बघा. खाली गडद आहेत, वर फिके. पाणी वरून आलेलंच नाही. ते जमिनीतून वर आलंय."

सगळे फोटोवर वाकले. कुलूपकाकाही वाकले.

"पण जमिनीतून कसं येईल?" बादलीवरचा म्हणाला.

"ते मला माहीत नाही. शेजारी काय आहे?"

"शेजारी..." त्याने कागद वाचला. "कपडे धुऊन देणाऱ्याचं दुकान."

"थांबा! थांबा!" पलीकडच्या टेबलावरून पिशवीबाई पेटी ढकलत धावत आल्या. "कुठल्या रस्त्यावरचं? अरे, तो धुलाईवाला माझ्याकडे आहे! त्याची फरशीखालची नळी फुटली. परवाच त्याचा दावा मंजूर केला मी!"

 मग सगळा मजला एकदम बोलायला लागला. कुणी टेबलावर थाप मारली, कुणी ताईंना सलाम ठोकला. ताई हसत होत्या आणि त्यांचा दिवा विझवायचं विसरल्या होत्या.

"म्हणजे," कुलूपकाका सावकाश म्हणाले, "तो खरं बोलत होता. आणि आपण त्याला खोटं ठरवणार होतो."

"आपण?" पिशवीबाई म्हणाल्या.

काकांनी मान खाली घातली. मग इकडेतिकडे बघितलं, एक मोकळी खुर्ची ओढली आणि बसले. खिशातून आपला टॅब काढला. "माझ्याकडेही एक अडलंय गेल्या आठवड्यापासून. लाज वाटते विचारायला. पण... हे बघा जरा."

मोठ्या बाई एव्हाना तिथे येऊन उभ्या होत्या. "काय म्हणता? मालकांना कळवायचं का आजच?"

काकांनी वरही बघितलं नाही. "बाई, थोडं थांबा हो. इथे काम चाललंय."

बाई मोठ्याने हसल्या. त्यांनी टेबलावर पडलेला जुडगा उचलला, त्यातल्या वरच्या मजल्यांच्या किल्ल्या एकेक करून काढल्या आणि बारकीच्या तळहातावर ठेवल्या. "पुढच्या आठवड्यापासून सुरू कर. आणि ते ओरडले, ते कोण?"

"माझा मामा," बारकी म्हणाली. तिचे डोळे भरले होते, आणि ती ते पुसायच्या भानगडीत पडली नाही. "वाचनालयात होता."

"वाचनालयात?" बाईंनी मला आपादमस्तक न्याहाळलं. "तिथे असे ओरडायचे?"

 या वेळी मी खाली बघितलं नाही, एवढं मात्र खरं.

दुसऱ्या दिवशी सुताराने सगळे दिवे वीतभर उंच केले, कुणाच्याही पाठीमागे लपणार नाहीत असे. आणि बारकी सांगते, आता त्या मजल्यावर कुणाचं ऐकून घ्यायचं राहिलं, मग तो घरी असो की शेजारी, की लोक म्हणतात, "अहो, दिवा लागलाय!"

बाई येऊन गेल्या त्याच संध्याकाळी जेवताना मी सगळं हिला सांगितलं. डाग कसे होते, काका कसे वाकले होते, मी कसा ओरडलो. बारकी किल्ल्या ताटाशेजारी मांडून बसली होती आणि मध्येच एखादी वाजवत होती. मी पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागलो. या वेळी ओरडूनही दाखवलं. शेजाऱ्यांची खिडकी उघडल्याचा आवाज आला.

हिने माझ्याकडे बघितलं, चष्म्यावरून बघितल्यासारखं, आणि हळूच ओठांवर बोट ठेवलं.

मी थांबलो नाही.